रुसलेलें यंत्र आणि उभें पेट्रोल

मृगाच्या दोन-चार सरी पडून गेल्या आणि उघड्या मैदानावरचें गवत घोट्यापर्यंत वाढलें, म्हणजे आमच्या नगर जिल्ह्यांतील कित्येक शाळांत, कारखान्यांच्या वसाहतींत आणि बंगल्यांच्या आवारांत एकच देखावा दिसूं लागतो. कोपऱ्यांतल्या खोलींतून, वरचें पोतें बाजूस सारून, हिरवळ कापण्याचें पेट्रोलवरील यंत्र बाहेर काढलें जातें. कोणी तरी बाह्या सरसावून त्याची दोरी ओढतो. यंत्र एक उसासा टाकतें आणि गप्प बसतें. मग दुसऱ्यानें ओढून पाहावें, तिसऱ्यानें सल्ला द्यावा, आणि चौथ्यानें "दिवाळींत तर छान चालत होतें" अशी साक्ष द्यावी. ओढणाऱ्याचा खांदा भरून येतो, पण यंत्राचा रुसवा कांहीं जात नाहीं.

ज्या जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर असें झालें, त्या जिल्ह्याचा इतिहास म्हटला म्हणजे आपणांस निजामशाही आठवते, चांदबिबी आठवते, १९४२ ते १९४५ पर्यंत राष्ट्राच्या पुढाऱ्यांना कोंडून ठेवणारा भुईकोट किल्ला आठवतो. त्या थोर इतिहासापुढें एका रुसलेल्या यंत्राची कथा ती काय, असें कोणी म्हणेल. परंतु इतिहास केवळ तटबंदींतच राहतो असें नाहीं. तो लोखंडाच्या एका लहानशा पेटींतही राहतो. हें यंत्र सुरू कां होत नाहीं, या प्रश्नाचीं पूर्वीं चार उत्तरें होतीं आणि तीं चारही युरोपांतून आलीं. आतां त्यांत पांचव्या उत्तराची भर पडली आहे, आणि तें आपल्याच उसाच्या फडांतून आलें आहे. तें ठाऊक नसल्यामुळें पुष्कळशीं धड यंत्रें मोडीच्या भावानें जाण्याची वेळ येते; म्हणून आजचें हें भाषण.

प्रथम या यंत्राचें मूळ पाहूं. इंग्लंडांत ग्लॉस्टरशायर परगण्यांत स्ट्राउड गांवाजवळ एडविन बडिंग नांवाचा एक कारागीर होता. त्या भागांत लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या, आणि कापडावर उभे राहिलेले तंतू एकसारखे छाटण्यासाठीं फिरत्या रुळावर पातीं बसविलेलें एक यंत्र तेथें वापरीत. कापडाची लव ज्या युक्तीनें छाटतां येते, तिनेंच जमिनीची लव कां छाटतां येऊं नये, असें बडिंगच्या मनांत आलें. आणि १८३० सालीं त्यानें आपल्या यंत्राचा एकाधिकार मिळविला. तोंपर्यंत हिरवळ कापण्यास विळा आणि लांब दांड्याचें कोयतें हींच साधनें होतीं. बडिंगचें यंत्र माणसानें ढकलावयाचें होतें. पुढें मोठ्या बागांसाठीं तें घोडा ओढूं लागला, आणि खुरांचे ठसे उमटूं नयेत म्हणून त्या घोड्याच्या पायांत चामड्याचे बूट घालीत. १८९३ सालीं जेम्स समनर यानें वाफेवर चालणारें यंत्र केलें. परंतु पाणी तापून वाफ होईपर्यंत वाट पाहणें आलेंच. १९०२ सालीं रॅन्सम्स या कंपनीनें पेट्रोलवर चालणारें यंत्र बाजारांत आणिलें. पुढें १९५३ सालीं अमेरिकेंत ॲल्युमिनियमचें हलकें इंजिन निघालें, आणि श्रीमंतांच्या बागेंतील हें यंत्र साध्या गृहस्थाच्या दारीं आलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हें यंत्र ज्या देशांत जन्मलें तेथें पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतो आणि गवत वर्षाचा बराच काळ वाढत राहतें. गवताच्या हंगामांत यंत्र आठवड्या-पंधरवड्यानें बाहेर निघतें, टाकींतील पेट्रोल संपतें, नवें भरलें जातें. आमचा जिल्हा पर्जन्यछायेंतला. येथें गवत चार महिन्यांचें पाहुणें; त्यानंतर आठ महिने यंत्र पोत्याखालीं झोंपतें, आणि टाकींत उरलेलें पेट्रोलही त्याच्याबरोबर झोंपतें. या झोंपेकडे आपणांस पुन्हा यावयाचें आहे.

आतां तीं चार जुनीं उत्तरें. पेट्रोलचें कोणतेंही लहान इंजिन चालण्यास चार गोष्टी लागतात: दाब, ठिणगी, हवा आणि इंधन. त्यांपैकीं प्रत्येकीच्या मागें एकेका माणसाचे किंवा पिढीचे श्रम आहेत.

दाबाचें महत्त्व जर्मनींतील निकोलाउस ऑटो यानें १८७६ सालीं सिद्ध केलें. दट्ट्या खालीं येतांना हवा व इंधन आंत ओढावें, वर जातांना तें मिश्रण दाबावें, मग पेटवावें आणि शेवटीं धूर बाहेर लोटावा, असा चार फेऱ्यांचा क्रम त्यानें घालून दिला. हिरवळीच्या यंत्रांतही बहुधा हाच क्रम चालतो. दोरी ओढतांना हातास जो विरोध लागतो तो या दाबाचाच. दोरी अगदीं सैल, निर्जीव लागली तर झडप अडकली आहे किंवा दट्ट्याचीं कडीं झिजलीं आहेत असें समजावें. तें काम मात्र जाणत्याचें.

ठिणगीची कथा रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यांतली. १८९७ सालीं त्यानें वाहनाच्या इंजिनास मॅग्नेटो जोडला, आणि १९०२ सालीं त्याचा सहकारी गॉटलोब होनोल्ड यानें उच्च दाबाच्या विजेचा मॅग्नेटो सिद्ध करून त्याला प्लगाची जोड दिली. आपल्या यंत्रांत दोरीनें जें जड चाक फिरतें, त्यांत लोहचुंबक बसविलेला असतो. तो तारेच्या वेटोळ्याजवळून जातांच वीज उत्पन्न होते. म्हणूनच या यंत्राला बॅटरी लागत नाहीं. ठिणगी पाहावयाची तर प्लग काढून पुन्हा त्याच्या तारेस जोडावा, त्याचें धातूचें अंग इंजिनाच्या उघड्या धातूस टेकवावें आणि दोरी ओढावी. निळसर ठिणगी दिसली म्हणजे वीज ठीक आहे. परंतु ही परीक्षा सांडलेल्या पेट्रोलजवळ किंवा प्लगाच्या उघड्या भोकाशेजारीं कधींही करूं नये. शिवाय, प्लग काढण्यापूर्वीं यंत्र बंद करण्याची कळ बंदच तर राहिली नाहीं ना, मुठीजवळची दांडी दाबून धरली आहे ना, हें पाहावें. पुष्कळ वेळां सारा पराक्रम त्या कळीपाशींच संपतो.

हवेचा प्रश्न सर्वांत सोपा, आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. इंजिनाच्या नाकापुढें एक गाळणी असते. आमच्याकडील उन्हाळ्याची धूळ आणि गेल्या हंगामाचा गवताचा भुसा तींत बसला म्हणजे इंजिन गुदमरतें. गाळणी झटकून, ती धुण्याजोगी असेल तर धुवून वाळवून, पुन्हा बसवावी.

राहिलें इंधन. पेट्रोलचा बारीक फवारा करून हवेंत मिसळणारें कार्बोरेटर विल्हेल्म मायबाख यानें १८९३ सालीं सिद्ध केलें. त्यांत एक लहान वाटी, वाटींत तरंगणारा फुगा, आणि सुईच्या अग्रासारखें बारीक छिद्र असतें. याच छिद्रांतून इंजिनाचा सारा आहार जातो. आहार पोंचतो कीं नाहीं हें प्लगच सांगतो. दहा वेळां दोरी ओढूनही प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल वर येत नाहीं. ओलाचिंब निघाला तर पेट्रोल येतें आहे, पण पेटत नाहीं.

हीं चार उत्तरें आमच्या जिल्ह्यानें कशीं आत्मसात केलीं, हीही पाहण्याजोगी गोष्ट आहे. १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढें विहिरीविहिरींवर डिझेल इंजिनांचा आवाज घुमूं लागला. परंतु त्या इंजिनांत प्लगही नाहीं आणि कार्बोरेटरही नाहीं, म्हणून त्यांची रोगपरीक्षा निराळी. १९४८ सालीं चिलखती दलाचें केंद्र व शाळा नगर येथें उभी राहिली, आणि जवानांना यंत्रांचें शास्त्रशुद्ध शिक्षण तेथें मिळूं लागलें. १९९४ सालीं स्थापन झालेलें तेथील रणगाड्यांचें संग्रहालय आजही पाहणाऱ्यास चकित करतें. परंतु ही विद्या तटबंदीच्या आंतली होती. पेट्रोलचें लहान इंजिन शिक्षकाच्या, दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या हातीं आलें तें १९७२ सालीं, लूनाच्या रूपानें. नगरच्या हस्तीमल फिरोदिया यांनीं उभारलेल्या कायनेटिक इंजिनिअरिंगनें ही पायडलाची हलकी गाडी नगरांत तयार केली. तिचें इंजिन अवघें ५० घनसेंटिमीटरचें आणि दोन फेऱ्यांचें. म्हणजे पेट्रोलमध्येंच तेल मिसळून तें चालवावयाचें. अशा कोणत्याही इंजिनांत तेलाची काजळी प्लगावर बसणें हा त्याचा स्वभावच होय. त्यामुळें प्लग काढावा, पॉलिश कागदानें घांसावा, फुंकर मारून परत बसवावा आणि पायडल मारावें, ही विद्या घरोघरीं पोंचली. तेवढ्यानेंही काम झालें नाहीं तर पायडल मारीत घरीं जाण्याची सोय होतीच.

त्या पिढीनें आम्हांस एक समजूत वारसा म्हणून दिली: इंजिन सुरू होत नाहीं ना, मग प्लग काढा. आपल्या काळीं ती खरीच होती. परंतु रोग बदलला आणि औषध तेंच राहिलें, अशी आज स्थिति आहे. हा बदल कसा झाला हें समजण्यास आपणांस यंत्रशाळा सोडून उसाच्या मळ्यांत गेलें पाहिजे.

१९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें आणि प्रवरेच्या कालव्यांनीं उत्तर नगरचा चेहरामोहरा बदलला. कोरडवाहू जमिनींत ऊस उभा राहिला. हरेगांवास बेलापूर कंपनीचा कारखाना चालत होता. १९३३ सालीं टिळकनगरचा उद्योग उभा राहिला. आणि लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामांत गाळप करूं लागला. साखर निघाली कीं मागें मळी उरते. मळी आंबवून ऊर्ध्वपातन केलें म्हणजे मद्यार्क निघतो, आणि मद्यार्क पेट्रोलप्रमाणें जळतो. हें ओळखून १९४८ सालींच भारत सरकारनें पॉवर अल्कोहोलचा कायदा केला होता. परंतु पेट्रोल स्वस्त असे तोंवर त्या विचारास बळ आलें नाहीं.

२००१ सालीं पांच टक्के मद्यार्क मिसळलेल्या पेट्रोलची पहिली परीक्षा देशांत तीन ठिकाणीं झाली. त्यांतील दोन ठिकाणें महाराष्ट्रांतलीं: एक मिरज, आणि दुसरें नगर-मनमाड रस्त्याचें तें टोंक, म्हणजे मनमाड. २००३ पासून महाराष्ट्रासह कांहीं राज्यांत हें मिश्रण विकूं लागले. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणानें २०३० पर्यंत वीस टक्क्यांचें ध्येय ठेविलें. पुढें ती मुदत अलीकडे ओढली गेली आणि २०२५ सालींच देश वीस टक्क्यांवर पोंचला. आज हा मद्यार्क मक्यासारख्या धान्यापासूनही निघतो. त्यापासून होणारा लाभ नाकारण्याचें कारण नाहीं. परदेशी तेलावरचा खर्च वांचतो, आणि साखरेचे भाव पडले तरी कारखान्यास उत्पन्नाचें दुसरें दार उघडें राहतें. ज्या जिल्ह्याचा संसार उसावर चालतो, त्यास याचें मोल निराळें सांगावयास नको.

परंतु मद्यार्काचा एक स्वभाव आहे: तो पाण्याचा मित्र आहे. साधें पेट्रोल पाण्यास जवळ करीत नाहीं. मद्यार्क मात्र हवेंतील ओलावा ओढून घेतो. ओलावा एका मर्यादेपलीकडे गेला म्हणजे पाणी आणि मद्यार्क मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशीं जाऊन बसतात. आणि कार्बोरेटरची वाटी तळाशींच पेट्रोल घेते! मग इंजिनास आहार म्हणून पाणीच मिळतें. शिवाय आठ महिन्यांच्या उन्हाळ्या-हिवाळ्यांत पेट्रोलचा चटकन् पेटणारा हलका अंश उडून जातो, उरलेल्याचा चिकट थर बनतो, आणि तें सुईच्या अग्राएवढें छिद्र बुजतें. जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्या मद्यार्कानें फुगतात किंवा भेगाळतात, ती गोष्ट वेगळीच. मोटारगाडीस याची विशेष झळ लागत नाहीं, कारण तिची टाकी दर आठवड्यास रिती होते आणि भरते. झळ लागते ती उभ्या राहणाऱ्या यंत्रास: हिरवळीच्या यंत्रास, फवारणीच्या पंपास, बांधावरचें गवत कापणाऱ्या यंत्रास. अमेरिकेंत पंधरा टक्के मद्यार्काचें पेट्रोल नव्या मोटारींत चालतें, पण अशा लहान यंत्रांत घालण्यास मनाई आहे. आपल्याकडे पंपावर मिळतें तें वीस टक्क्यांचें.

या ठिकाणीं डोळ्यांनीं पाहिलेली एक गोष्ट सांगतों. नगर-मनमाड रस्त्यावरील एका शाळेंत अशाच एका आषाढांत मीं गेलों होतों. मैदानावर गवत माजलें होतें, आणि त्यांत साप निघाल्यामुळें लहान मुलांचें खेळणें बंद केलें होतें. यंत्राचा प्लग दोनदां बदलून झाला होता. गांवच्या कारागिरानें आतां इंजिनच संपलें असा निर्वाळा दिला होता. आणि मुख्याध्यापकांच्या मेजावर नव्या यंत्राचें दरपत्रक पडलें होतें. तो पैसा वाचनालयाच्या खात्यांतून निघावयाचा होता. शाळेचा वृद्ध शिपाई तेवढा म्हणाला, "साहेब, एकदां खालची वाटी उघडून पाहूं या." त्यानें पान्यानें तळाचा बोल्ट सैल केला आणि वाटींतलें पेट्रोल एका कांचेच्या बाटलींत धरलें. बाटली सावलींत ठेवली. थोड्या वेळानें वर पिवळें पेट्रोल आणि तळाशीं पाण्यासारखा स्वच्छ थर, अशी स्पष्ट रेघ सर्वांना दिसली. टाकी रिती केली, वाटी पुसली, तांब्याच्या तारेच्या एका केसानें छिद्र मोकळें केलें, नवें पेट्रोल घातलें. चौथ्या ओढीस यंत्र गरजलें. दरपत्रक परत गेलें, आणि त्या वर्षीं वाचनालयांत पुस्तकें आलीं.

त्या शिपायानें केलें तेंच कोणासही करतां येईल. मात्र तें क्रमानें करावें. इंजिन थंड असतांना, मोकळ्या हवेंत, विडी-काडी दूर ठेवून काम करावें. पात्यांस हात लावण्यापूर्वीं प्लगाची तार काढून ठेवावी, कारण रुसलेलें यंत्र नको त्या क्षणींच जागें होतें. आधीं कळ पाहावी, मग टाकींतील पेट्रोल कोणत्या महिन्याचें आहे हें स्वतःस विचारावें. तें गेल्या हंगामाचें असेल तर दुसरें कांहीं न करतां तें काढून टाकावें, वाटी साफ करावी आणि ताजें घालावें. त्यानंतर हवेची गाळणी, त्यानंतर प्लग, आणि सर्वांत शेवटीं दाब. छिद्र साफ करण्यास पोलादी सुई वापरूं नये. त्यानें छिद्र रुंदावतें आणि इंजिनाचें प्रमाण कायमचें बिघडतें.

याहूनही बरें म्हणजे रोग होऊंच न देणें. दिवाळीच्या सुमारास शेवटचें गवत कापून झालें कीं टाकींतील उरलेलें पेट्रोल काढून घ्यावें. त्यांत तेल मिसळलेलें नसेल तर तें रोजच्या वापरांतील गाडींत ओतावें. मग यंत्र पुन्हा सुरू करून, वाटींतील शेवटचा थेंब संपून तें आपोआप बंद पडेपर्यंत चालूं द्यावें. रित्या टाकीचें यंत्र आठ महिने खुशाल झोंपो. आणि हंगामांतही दोन-तीन आठवड्यांस पुरेल एवढेंच पेट्रोल आणावें. आमच्या आज्या बेगमीचें धान्य पावसाळ्यापूर्वीं उन्हांत घालून, त्यांतील ओल घालवून मगच कणगींत भरीत. जी काळजी ज्वारीची, तीच आतां पेट्रोलची.

श्रोतेहो, बडिंगनें यंत्र दिलें, ऑटोनें दाब दिला, बॉशनें ठिणगी दिली, मायबाखनें फवारा दिला. आणि आपल्या कालव्याखालच्या शेतकऱ्यानें त्यांत मद्यार्काची भर घातली. ज्या उसानें या जिल्ह्यास सुबत्ता दिली, त्याचाच एक अंश आतां यंत्राच्या वाटींत उतरला आहे. त्याचा गुण घ्यावयाचा तर त्याचा स्वभावही ओळखला पाहिजे. यंदा मृगाच्या सरीनंतर तुमच्या आवारांतील यंत्र गप्प बसलें, तर त्याला मोडींत घालण्यापूर्वीं, त्याचा प्लग घांसण्याच्याही पूर्वीं, एक कांचेची बाटली मागवा आणि तिच्या तळाशीं पाहा.